जाऊ द्यायचा बाहेर?

"अजून डावीकडे... अजून... बस!"

क्लिफर्ड गाडीखालून ओरडला आणि वर स्टेअरिंगवर बसलेल्या प्लासिडने, त्याच्या वडिलांनी, हात थांबवले. क्लिफर्डने टायर आणि आतल्या लोखंडी आर्मच्या मध्ये करंगळी घालून पाहिली. करंगळी जाईना. आर्मवरचा रंग उडून तिथे रुपयाएवढा चकचकीत डाग पडला होता. नवे रुंद टायर घातल्यापासून वळणावर जो खर्रर्र आवाज यायचा, तो इथूनच येत होता.

"घासतंय," तो म्हणाला.

"ते मी वाडीत बसून सांगत होतो," वरून प्लासिड म्हणाला. "एवढे रुंद टायर घातले कोणी? मी?"

वसईतल्या गास गावच्या रस्त्यावरचं हे दुकान एरॉलचं. शाळेत तो क्लिफर्डच्या बाकावर बसायचा, आता लोकांच्या गाड्यांना टायर आणि रिम बसवून द्यायचा. पिकअप चारही चाकांनी ओढणारी होती. निर्मळ गावातल्या त्यांच्या बागायती वाडीतून पावसाळ्यात केळीचे लोंगर बाहेर काढायचे तर साधी गाडी चिखलात रुतते, म्हणून घेतलेली. म्हणजे घरी तसं सांगितलं होतं. खरं तर क्लिफर्डला ती आवडली होती. नर्सची नोकरी करणाऱ्या माणसाला आठवडाभर हॉस्पिटलात हळू आवाजात बोलावं लागतं. सुट्टीच्या दिवशी त्याने काहीतरी दणदणीत चालवलं तर त्यात गैर काय?

आज मात्र त्याचा जीव गाडीत नव्हता. न्यूझीलंडमधल्या एका हॉस्पिटलात त्याची नोकरी पक्की झाली होती, व्हिसा आला होता, आणि हे फक्त कार्मिनला, त्याच्या आईला, माहीत होतं. 'आज संध्याकाळी रोझरीच्या प्रार्थनेआधी तू पप्पाला सांगायचंस, नाहीतर मी सांगेन,' असं तिने सकाळी बजावलं होतं. म्हणून तर तो बापाला बरोबर घेऊन निघाला होता. वाटेत त्याने दोनदा तोंड उघडलं. एकदा केळीवरच्या रोगाबद्दल बोलला, एकदा रस्त्यातल्या खड्ड्यांबद्दल. खड्ड्यांबद्दल तर फारच सविस्तर बोलला. तो भित्रा नव्हता. पण एकुलता एक होता, आणि शिडीवरून पडल्यापासून बापाचं उजवं मनगट पूर्वीसारखं वळत नव्हतं. ते मनगट दिसलं की तो भलतंच काहीतरी बोलू लागायचा.

एरॉलने दोन रिम घरंगळत आणून गाडीत बसलेल्या प्लासिडच्या दारापाशी उभ्या केल्या.

"हे बघ अंकल, टायर हेच ठेवायचे तर थोडे बाहेर काढायला लागतील, म्हणजे आत घासणार नाहीत. त्यालाच ऑफसेट म्हणतात. ही रिम टायरला जरासाच बाहेर काढते. आत बोटभर जागा सुटेल, बस. आणि ही दुसरी पार बाहेर काढते. आतून मोकळंच मोकळं. मडगार्डच्या बाहेर टायर दिसतो, गाडी एकदम पैलवान!"

"मग दुसरीच घेणार तो," प्लासिड म्हणाला. "शर्ट कधी आत खोचला नाही त्याने, टायर कशाला आत ठेवील?"

एरॉल हसला. "पण एक आहे. पार बाहेर काढलं की स्टेअरिंग जड होतं. चाक दगडावर गेलं की हाताला हिसका बसतो. क्लिफीला काय, त्याला चालेल."

"मी परत एकदा माप बघतो," असं म्हणून क्लिफर्ड पुन्हा गाडीखाली शिरला. माप एरॉलने केव्हाच घेतलं होतं.

दुकानातला हवेचा पंप धडधडत होता. एरॉल हात पुसत खिडकीशी येऊन उभा राहिला.

"मग काय अंकल? जाऊ द्यायचा बाहेर?"

त्याने विचारलं होतं टायरचं. पण वसईच्या गावांत 'बाहेर' या शब्दाला दुसराही अर्थ आहे. कुणाचा मुलगा कुवेतला असतो, कुणाची मुलगी कॅनडात. विचारलं तर देशाचं नाव कोणी घेत नाही, 'बाहेर असतो' एवढंच सांगतात. प्लासिडने उजवा हात खिडकीवर टेकला.

"मी नको म्हटलं तर थांबणार आहे का तो?" तो म्हणाला. "जाऊ दे. त्याचं वय आहे. वर्षाकाठी एकदा आला तरी पुष्कळ झालं."

हात पुसायचं फडकं एरॉलच्या हातातच राहिलं.

"अंकल, मी टायरचं विचारत होतो."

"हां," प्लासिड म्हणाला. "टायरचं."

"क्लिफी बाहेर चाललाय? बोलला नाही मला."

"मला तरी कुठे बोललाय? पण त्याची आई रोज त्याच्या आवडीचं रांधतेय. एवढं तर ती नाताळालाही करत नाही. आणि हा मोबाईलवर ऑकलंडचं हवामान बघत बसतो. वाडीत ऊन आहे की पाऊस ते विचार, पत्ता नसतो." मग त्याने आवाज उतरवला. "तू काही बोलू नकोस हां. मला कळलंय हे त्याला कळायला नको. त्याला त्याच्या तोंडाने सांगू दे. बाप आहे मी, मला त्याने सांगायला पाहिजे."

पंपाच्या आवाजात खाली काही ऐकू जात नसेल असं त्याला वाटलं होतं. खाली शब्दन् शब्द जात होता. क्लिफर्ड उताणा पडून राहिला. डोळे भरून आले होते, पण हात ग्रीसने माखलेले, त्यामुळे पुसायचीही सोय नव्हती. त्याला बापाचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा आला, आणि मग नुसतं फार वाईट वाटलं.

बऱ्याच वेळाने तो बाहेर आला आणि बाहीने तोंड पुसत म्हणाला, "जरासं बाहेर काढणारी बसव."

"अरे, फोटो तर तू पैलवानवाल्याचे पाठवत होतास!"

"नको. स्टेअरिंग हलकं राहायला पाहिजे."

एरॉलने पैलवानवाली रिम घरंगळत परत आत नेली. प्लासिडने खिडकीवर टेकलेला उजवा हात उचलून मांडीवर घेतला.

रिम बसल्या. रिकाम्या गाडीवर टायर घासतो की नाही ते कळत नाही, म्हणून वाडीसाठी घ्यायच्या खताच्या गोण्या शेजारच्या दुकानातून मागे भरून घेतल्या. निघताना क्लिफर्ड सवयीने ड्रायव्हरच्या बाजूला गेला, थबकला आणि वळसा घालून दुसऱ्या दाराने आत बसला.

"तूच चालव, पप्पा."

निर्मळच्या अलीकडे एका वाडीच्या कुंपणापाशी रस्ता काटकोनात वळतो. प्लासिडने स्टेअरिंग पुरतं फिरवलं. दोघांनीही कान दिले. गाडी भरलेली होती, तरी कुठेच काही घासलं नाही.

"लागत नाही," प्लासिड म्हणाला.

"जड जातंय का हाताला?"

"छे."

पुढचा रस्ता सरळ होता. दोन्ही बाजूंना केळी होत्या आणि एक बाई सायकलला फुलांची टोपली बांधत होती. आता नाही तर कधीच नाही, हे क्लिफर्डला कळत होतं.

"पप्पा, मला न्यूझीलंडला नोकरी लागलीय. हॉस्पिटलात. पुढच्या महिन्यात जायचंय."

प्लासिडने गाडी कडेला घेतली आणि भुवया उंचावल्या.

"काय सांगतोस!" तो म्हणाला. गावच्या नाटकात त्याला कोणी कधी काम का दिलं नाही, हे त्या क्षणी कुणालाही कळलं असतं. "न्यूझीलंड! अरे वा. म्हणजे लांब असेल ना?"

"लांब आहे."

"थंडी असेल."

"असते."

प्लासिडने काचेतून समोर पाहिलं. त्याने तळहाताने डोळे टिपले, आणि तेवढं मात्र नाटक नव्हतं.

"आईला सांगितलंस?"

क्लिफर्डने बापाकडे पाहिलं.

"नाही," तो म्हणाला. "पहिलं तुलाच सांगतोय."

प्लासिडने मान हलवली. दोनदा, तीनदा.

"बरं केलंस," तो म्हणाला, आणि त्याने गाडी गिअरमध्ये घातली.