काचेचा साक्षीदार

बेबा दूध पिता पिता मध्येच थांबली, की कलिरोई श्वास मोजायला लागायची. सात महिन्यांची पोर. ओठ सैल सोडायची, डोळे टक्क उघडायची आणि दूरवरचं काही ऐकल्यासारखी स्तब्ध व्हायची. मग दोन श्वासांनी तो आवाज यायचा, जमिनीखालून अवजड ट्रक गेल्यासारखा, आणि फडताळातल्या बशा किणकिणायच्या. सगळं शांत झालं की पोर पुन्हा दूध ओढायला लागायची. कलिरोई मात्र तिच्या टाळूवर तळवा ठेवून बराच वेळ बसून राहायची. त्या मऊ जागेखालीही काहीतरी धडधडतच असायचं.

पोरीला अजून नाव नव्हतं. ईस्टरनंतर बाप्तिस्मा व्हायचा होता आणि तेव्हा तिला तिच्या गेलेल्या आजीचं, अनेझोचं नाव मिळणार होतं. तोवर इथल्या सगळ्या तान्ह्यांसारखी तीही नुसती बेबा.

थिरा बेटावर जमीन हलायला लागून दहा दिवस झाले होते. मोठा असा धक्का एकही नाही. बारीक बारीक, दिवसाला पन्नास-साठ. शाळा बंद पडल्या होत्या. नगरपालिकेने पोहण्याचे हौद रिकामे करायला लावले होते, त्यामुळे कड्यावरच्या हॉटेलांतून खाली नुसते कोरडे निळे खड्डे दिसत. मुख्य भूमीवरच्या पिरेअस बंदराच्या बोटी भरभरून जात होत्या आणि येताना रिकाम्या येत होत्या.

कलिरोईचा नवरा आर्गिरिस अजून थट्टेवरच नेत होता. हॉटेलांतले पाहुणे मसाजसाठी रांगा लावतात, आपल्याला पलंगासकट घरबसल्या मिळतोय, म्हणायचा. त्याचं घर कड्याच्या खडकात कोरलेलं, पणजोबांच्या हातचं. शेजारच्या दोन खोल्या तो उन्हाळ्यात पाहुण्यांना द्यायचा आणि हिवाळाभर त्यांना चुना मारत बसायचा. त्या घराबाहेरचं जग त्याला मनापासून खरं वाटत नसावं, असं कलिरोईला कधीकधी वाटे.

ती उत्खननावर राखणदार होती. ज्वालामुखीच्या राखेखाली साडेतीन हजार वर्षं झाकलं गेलेलं गाव, वर मोठं छप्पर, खाली गल्ल्या, रांजण, जिने. पाहुण्यांना बंदी झाली होती, पण राखणदारांना जावंच लागे. सकाळचं पहिलं काम साक्षीदार बघायचं. भिंतीला बारीक चीर गेली असेल, तर तिच्यावर आडवी काचेची पातळ पट्टी ठेवून दोन्ही टोकं प्लास्टरने चिकटवतात. भिंत केसभर जरी सरकली, तरी काच फुटते. तोच साक्षीदार. पट्टीशेजारी पेन्सिलीने तारीख लिहायची, आणि रोज सकाळी बघत जायचं.

त्या दिवशी सकाळी एकदम तीन फुटलेले मिळाले. गवंडी लिनार्दोस एरवी कलिरोईला बघून काहीतरी खोडी काढल्याशिवाय राहत नसे. तो गुडघ्यावर बसून गप्पपणे तुकडे गोळा करत होता. तिने एक पट्टी मागितली. त्याने दिली, प्लास्टरची पुडीही बांधून दिली, आणि मग विचारलं, कुठे लावणार?

"पाळण्याच्या वर. कमानीला चीर गेलीये."

"पोरी, पाळणा हलवता येतो की."

"सगळ्या खोल्यांची कमान एकच आहे, मिस्त्री."

लिनार्दोसने हात झटकले. "मग नीट ऐक. भिंत भिडेखातर गप्प बसते, काच बसत नाही. फुटली, तर विचार करायला थांबू नकोस."

परत जाताना तिला चौकातल्या पलंगांपाशी थांबावंसं वाटलं. पहिल्या धक्क्यांनंतर त्या राखेखालच्या गावातल्या लोकांनी घरातले पलंग ओढून बाहेर आणले होते आणि एकावर एक रचून ठेवले होते. लाकूड केव्हाच गेलं, राखेत उरलेल्या पोकळीत प्लास्टर ओतून आकार काढलेले. एवढं मोठं गाव, आणि त्यात एका माणसाचंही हाड सापडलं नव्हतं. पाहुणे हटकून विचारत, माणसं कुठे आहेत? कलिरोई गेली सहा वर्षं एकच उत्तर देत होती, गेली. कुठे, ते कोणाला ठाऊक नाही. आज तिला पहिल्यांदाच त्या बाईचा विचार आला, जिने पलंग बाहेर काढला आणि मग तोही तिथेच टाकून ती चालायला लागली. कडेवर कोण होतं, कोण जाणे.

संध्याकाळी तिने स्टूल घेतलं आणि पट्टी लावली. आर्गिरिसने स्टूल धरलं होतं. लावता लावताच तिने सांगून टाकलं, की ही फुटली तर मी बेबाला घेऊन मिळेल त्या बोटीने बहिणीकडे पिरेअसला जाणार. नाही फुटली, तर बोटीचं नाव काढणार नाही. तो म्हणाला, कबूल.

"आठ दिवसांसाठी का?" त्याने खालून विचारलं.

हा त्या घरातला जुना टोमणा होता. सासरे, याकोव्होस, एकोणीसशे छप्पन साली सहा वर्षांचे होते. त्या मोठ्या भूकंपानंतर त्यांच्या आईने त्यांना बोटीत बसवलं आणि आठ दिवसांत परत यायचं म्हणून सांगितलं. पिरेअसला एका खोलीत चौदा वर्षं गेली. निम्मं गाव तर परतलंच नाही. आर्गिरिस हे ऐकतच वाढला होता. घरात कोणी आलोच म्हणून निघालं, की मागून कोणीतरी म्हणायचंच, हो, आठ दिवसांत.

कलिरोईने पट्टीचं दुसरं टोक दाबून बसवलं. प्लास्टरवर पेन्सिलीने तारीख लिहिली आणि ती खाली उतरली.

पुढचे चार दिवस विचित्र गेले. उत्खननावर रोज काचा फुटत. लिनार्दोस रोज नव्या लावत होता, आणि त्याही फुटत. घरी कमानीच्या पायथ्याशी बारीक पांढरी भुकटी साचायची, ती झाडून काढली तरी दुपारपर्यंत परत यायची. आणि पाळण्याच्या वर तिची पट्टी मात्र जशीच्या तशी. सकाळ-संध्याकाळ ती मान वर करून बघायची. अखंड, स्वच्छ. खिडकीतून उजेड पडला की समुद्राचा एक निळा तुकडा त्या काचेत थरथरायचा.

"काय म्हणतोय साक्षीदार?" आर्गिरिस विचारायचा.

"मूग गिळून बसलाय."

"मग शहाणा आहे."

तिला स्वतःचीच लाज वाटायला लागली. बहिणीला फोन करून तिने सांगितलं, की आमच्या खडकाला काही होत नाहीये, मीच घाबरट. रात्री बेबाच्या पावलांना तेल चोळताना ती स्वतःशीच पुटपुटायची, बघ गं, तुझी आई वेडी. तरी झोप काही लागत नव्हती. आर्गिरिसलाही लागत नव्हती. पहाटे डोळा उघडला, की तो पाळण्याशेजारी स्टुलावर बसलेला दिसायचा. बापाची माया, असं तिला वाटे, आणि त्याच्या पाठीकडे बघत ती पुन्हा डोळे मिटायची.

पाचव्या दिवशी उत्खननाच्या रस्त्यावर दरड आली. अकरा वाजताच सगळ्यांना घरी पाठवून दिलं. कलिरोई कड्याच्या पायऱ्या उतरत घरी आली. सासरे ओट्यावर उन्हात बसून फावा नावाच्या इथल्या पिवळ्या डाळीतले खडे निवडत होते. आर्गिरिस मागच्या नळावर हात धूत होता. तिला इतक्या लवकर बघून त्याने नळ आणखी मोठा सोडला.

बेबा झोपली होती, एक मूठ गालाला, दुसरी पांघरुणावर. कलिरोई वाकली. मुठीपासून दोन बोटांवर, लोकरीच्या विणीत, काहीतरी लकाकलं. तिला वाटलं, मीठ असेल. चिमटीत धरलं तर टोचलं.

काच होती. तांदळाच्या कणीएवढी.

तिने आधी पोरीची मूठ उघडली. एकेक बोट सोडवून पाहिलं, मग ओठ पाहिले, मानेची वळी पाहिली, कानामागे पाहिलं. काही नव्हतं. बेबा झोपेतच कुरकुरली. कलिरोईने पांघरूण दोन्ही हातांनी गुंडाळून दाराबाहेर टाकलं, स्टूल ओढलं आणि वर चढली. पट्टी अखंड होती. बाजूला तारीखही होती, तिची. तिने प्लास्टरवर अंगठा ठेवला. चार दिवसांचं प्लास्टर हाडासारखं कोरडं आणि कोमट हवं. हे थंडगार होतं, ओलं, आणि अंगठा काढला तेव्हा त्यात तिच्या अंगठ्याचा ठसा उमटला होता.

ती ओट्यावर आली. तळहात पुढे केला.

"किती?"

आर्गिरिस टॉवेलला हात पुसत होता. तोंडावर थट्टा तयार होती, पण ती काचेची कणी बघून तिथेच विरली.

"चार," तो म्हणाला. "आजची धरून पाच."

सासऱ्यांचे हात डाळीत थांबले.

"आजची मोठ्याने फुटली," आर्गिरिस म्हणाला. तो तिच्याकडे नाही, तळहाताकडेच बघत होता. "बाकीच्या नुसत्या तडकल्या होत्या. मी आधी पाळणा बाजूला घ्यायचो, रोई. पांघरूण झटकायचो. दर वेळी झटकायचो."

"तारीख?"

"तुझ्यासारखी काढायला शिकलो. काच जुन्या खिडकीची कापली, प्लास्टर घरचंच."

तिला ओरडावंसं वाटत होतं, पण आत पोर झोपली होती. तिने फक्त एवढंच विचारलं, की तो रोज पहाटे स्टुलावर का बसायचा. तो म्हणाला, की नवी पट्टी लावली की ती धरते का, ते बघायला. आणि धरली नाही, तर खाली आपणच असावं म्हणून.

"आणि तरी मला सांगितलं नाहीस."

"तू गेली असतीस."

"कबूल केलं होतंस."

"आठ दिवस म्हणून गेली असतीस," तो म्हणाला, आणि या वेळी त्यात टोमणा नव्हता. "मग पोरीचा दाखला तिकडे, दवाखाना तिकडे, तुझी बहीण तिकडे. मी इथे रिकाम्या खोल्यांना चुना मारत."

याकोव्होस उठले. परात त्यांनी हळूच ओट्यावर ठेवली.

"मी चौदा वर्षं तिकडे काढली. एका खोलीत सात माणसं. रोज रडायचो," ते म्हणाले. "पण रडायला उरलो ना? माझा धाकटा भाऊ इथेच ढिगाऱ्याखाली राहिला. त्याला कोणी विचारलं नाही, परत यायचंय का म्हणून." मग ते सुनेकडे वळले. "पोरी, दोनची बोट आहे. घेऊन जा तिला."

"तुम्हीही चला, बाबा."

"मी एकदा गेलोय," ते म्हणाले आणि आत निघून गेले.

आर्गिरिसने दोन पिशव्या आणि घडीची बाबागाडी दीडशे पायऱ्यांवरून वर नेली. मधल्या वळणावर एक धक्का आला. सगळे चढणारे जागच्या जागी थांबले, कड्याला पाठ लावली, आणि बारीक खडे टपटप करत खाली घरंगळले. धक्का थांबल्यावर कोणीच कोणाकडे पाहिलं नाही. सगळे परत चढायला लागले.

बंदरावर बोट जबडा उघडून उभी होती. रांगेत मांजरांच्या पेट्या, गाद्या, एका बाईच्या हातात लिंबाचं रोप. आर्गिरिसने बेबाच्या टोपीची गाठ पुन्हा बांधली, सोडली, पुन्हा बांधली.

"घरी जाऊन आणखी एक लावतो," तो म्हणाला. "आणि जे असेल ते सांगतो."

"कधी?"

"लगेच."

"काय वाट्टेल ते असलं तरी?"

त्याने मान हलवली. कलिरोईने त्याच्या गालाला हात लावला. दाढीत प्लास्टरचा ठिपका वाळला होता, तो तिने नखाने काढला. मग ती आत गेली. बोट सुटायला आणखी तासभर लागला.

बोट कड्याखालून सरकायला लागली. कलिरोई पोरीला शालीत गुंडाळून वरच्या मजल्यावर उभी राहिली. गाव वर होतं, कड्याच्या काळ्या काठावर मीठ सांडल्यासारखं. पाहुणे याच जागेवरून फोटो काढायचे. आज डेकवर इतकी माणसं होती, आणि एकानेही फोन वर धरला नव्हता. कड्याच्या पोटातून कुठेतरी धुळीची एक फिकट रेघ निघाली आणि आवाज न करता खाली उतरत राहिली. ते बघून शेजारच्या म्हाताऱ्याने क्रूसाची खूण केली.

फोन वाजला.

"पट्टी लावायला गेलो होतो," आर्गिरिस म्हणाला. त्याला धाप लागली होती. "लागत नाहीये, रोई. फट पट्टीपेक्षा रुंद झालीये."

"तू कुठे आहेस?"

"ओट्यावर. बाहेर."

"आणि बाबा?"

फोनमध्ये त्याच्या मागे चर्चची घंटा वाजली, कोणी ओढत नसताना वाजते तशी, एकच ठोका.

"आत आहेत. पलंगावर बसलेत. येत नाही म्हणतात."

या घटकेला तो काहीही सांगू शकला असता. बाबा बाहेर आहेत, काच शाबूत आहे, काहीही. त्याने खरं सांगितलं होतं, आणि ते असं होतं.

"उचलून आण त्यांना," ती म्हणाली. "वाद घालू नकोस. उचल. मी फोनवर आहे."

त्याची पावलं ऐकू आली. दार. मग आतला तो घुमणारा आवाज, जो तिला झोपेतही ओळखू आला असता. आर्गिरिस काहीतरी म्हणाला. मग सासऱ्यांचा आवाज, लांबून, चिडका, अगदी रोजचा. थांब रे, बूट तरी घालू दे, एक सापडत नाहीये.

"राहू दे तो बूट," ती फोनमध्ये म्हणाली. "आर्गिरिस, बूट राहू दे म्हणावं."

पण खडकाच्या आत रेंज कधीच धड टिकत नसे. आवाज एकदा खरखरला, आणि मग काहीच उरलं नाही. कलिरोईने फोन कानाला तसाच दाबून धरला. बोटीने टोकाला वळसा घातला आणि गाव कड्याआड गेलं.