दुसरी ओवी

खडी फोडीते गं बाई, घाव घालीते हळूहळू
माझिया लेकरासाठी, दगडाचं पीठ दळू

हा आवाज पिराजीनं नवव्या वर्षी ऐकला होता. बहात्तरचा दुष्काळ, तेरच्या शिवारात पाझर तलावाचं काम. तो पाण्याची कळशी घेऊन बांधाकडं निघाला, की उन्हाच्या झळांतून आई दिसायच्या आधी तिची ओवी दिसायची. दिसायचीच, इतकी ती त्याच्या डोळ्यांत राहिली.

आता सत्याऐंशी साल होतं. पाऊस पुन्हा रुसला होता. पण पिराजी सहकारी साखर कारखान्यात नव्या कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम लिहीत होता. शाळेत असताना तो गाणी रचायचा. पुण्याला हे शिक्षण घेताना ते सुटलं, आणि आता लिहायला बसलं की वाक्यं यंत्राला हुकूम द्यावेत तशी कोरडी उतरायची. म्हणून त्यानं नेम धरला, रोज सकाळी बसच्या आधी एक पान. हात वळेपर्यंत.

आई, हरणाबाई, चुलीपुढं भाकरी थापायची. तो पान वाचून दाखवायचा. ती ऐकायची आणि म्हणायची, मीठ आण येताना.

एकदा तिनं विचारलं होतं, तू तिथं करतोस तरी काय. त्यानं सांगितलं, यंत्राला एक काम लावून द्यायचं आणि बजावायचं, अमकं होत नाही तोवर हेच करत राहा, थांबू नको.

“म्हंजी मुकादमच की तू,” ती म्हणाली.

महिन्या-दोन महिन्यांत हात वळला. बांधावरच्या त्या दिवसांवर त्यानं एक लेख लिहिला, आणि तो चांगला उतरला हे त्याला स्वतःलाच कळलं. ओवीतलं लेकरू म्हणजे मीच, असं त्यानं लिहिलं. धाकटी बहीण कोंडाबाई त्याच उन्हाळ्यात तापानं गेली, असं त्याला घरात सांगितलेलं. तिच्या वाट्याला लेखात एक ओळ आली. कारखान्याच्या स्मरणिकेत लेख छापायचं ठरलं. अडलं एवढ्यावरच, की ओवी एकटी नसते. पहिलीत काम येतं, दुसरीत लेकराचं नाव. ते नाव त्याला हवं होतं. स्वतःचं नाव, आईच्या तोंडून.

तो रोज विचारू लागला. आठवत न्हाय, ती म्हणायची. मग त्यानं तिच्यासमोर ती ओवी गुणगुणायला सुरुवात केली. भाकरी थापताना, झाडताना, ती जेवायला बसली असताना. विहिरीत गळ टाकून बसावं तसा तो तिच्या तोंडाकडं बघत बसायचा. तिचा हात घासासकट थांबायचा. यालाही तो लेखनाची चिकाटीच समजत होता.

शेवटी तो तात्यारावांनाच घरी घेऊन आला. तात्याराव तेव्हा त्या तलावावर मुकादम होते, आता कारखान्याचे संचालक. लेख वाचून त्यांचे डोळे भरून आले होते. बायांनी गात गात बांध उभा केला हो, असं ते सभांतून सांगत.

ते घोंगडीवर टेकले. पिराजीनं वही उघडली.

“म्हण की हरणाबाई,” तात्याराव हसत म्हणाले. “आता का लाजतीस? तवा तर थांबत नव्हतीस.”

हरणाबाईनं चहाची कपबशी त्यांच्यापुढं ठेवली. डोक्यावरचा पदर नीट केला. त्यांच्याकडं तिनं पाहिलं नाही, पिराजीकडं पाहिलं.

“लिही,” ती म्हणाली. “दुसरी ओवी न्हाय. झोळीतलं लेकरू रडलं की हे मुकादम त्याच्या आईला कामावरनं काढायचे. कोंडी भुकेनं रडायची, माझ्या अंगावर दूध न्हवतं. तिचा आवाज ह्यांच्या कानावर जाऊ नये म्हून म्या ती एकच ओवी म्हणत ऱ्हायले, लई मोठ्यानं, ती गप होईस्तवर. ती गप झाली. मग म्या बी झाले.”