गेल्या दहा वर्षांतले पत्ते

व्हिसा अर्ज, रकाना अकरा. गेल्या दहा वर्षांत जिथे जिथे राहिलात ते सगळे पत्ते लिहा. मध्ये एकही महिना रिकामा सोडू नये.

हा रकाना भरायला निकिताला पहिल्या खेपेस दोन मिनिटं लागली होती. नगरमधली हॉस्पिटलजवळची खोली, त्याआधी नर्सिंग कॉलेजचं वसतिगृह, त्याआधी सगळं गाव: वाडीचं नाव, तालुका पाथर्डी, पिनकोड. आपण खोटं लिहितोय असं तिच्या मनातही आलं नाही. रेशनकार्ड तिथलं, मतदान तिथलं, शाळेचा दाखला तिथला. बारावीपर्यंत दरवर्षी दिवाळीनंतर ती आईबापाबरोबर ऊसतोडीला जायची आणि गुढीपाडव्याला परतायची, हे खरं. पण वाडीत कुणी तोडीला राहायला जात नाही. तोडीला जातात. राहतात वाडीतच.

विमा अर्ज, प्रश्न सहा. पूर्वी रुग्णालयात दाखल होता का? कुठल्या औषधाची ॲलर्जी?

कॅनडाच्या ज्या प्रांतात ती निघाली होती, तिथं सरकारी उपचार सुरू व्हायला तीन महिने लागणार होते. तेवढ्यापुरता हा विमा. इथं तिनं नर्सच्या शिस्तीनं लिहिलं: वय पंधरा, डिसेंबर महिना, सर्पदंश, बेळगाव जिल्ह्यातलं सरकारी रुग्णालय, आठ दिवस. विषावरचं इंजेक्शनच सोसलं नाही, श्वास अडकला.

दोन्ही कागद एकाच फायलीतून गेले.

महिन्याभरानं व्हिसा कचेरीचं पत्र आलं. भाषा अदबीची. एका कागदानुसार तुम्ही त्या डिसेंबरात आपल्या गावी राहत होता, दुसऱ्यानुसार दुसऱ्या राज्यात दाखल होता. तीस दिवसांत खुलासा करा. तो न पटल्यास अर्ज फेटाळला जाईल आणि पाच वर्षं नव्यानं करता येणार नाही.

एजंटचं मत. (याला रकाना नव्हता.)

दिल्ली गेटजवळच्या ऑफिसात कल्याणनं पत्र दोनदा वाचलं आणि दोन वाटा सांगितल्या. मावशीकडे पाहुणी म्हणून गेले होते, असं लिहा. नाहीतर विमा नवा काढा, त्यात साप नको.

"सिस्टर, साप कधीच गेला," तो म्हणाला. "तुम्ही अजून भुई धोपटताय."

तिला हसू आलं, पण मान हलली नाही. औषधाची ॲलर्जी लपवू नका, हे वाक्य तिनं वॉर्डात दिवसातून दहा वेळा म्हटलेलं. आणि मावशी नव्हतीच. राहिली तिसरी वाट: नववी ते बारावीचे चार हिवाळे जसे होते तसे लिहायचे. त्या वाटेवर दुसरंच काही उभं होतं. कॉलेजात तिनं प्रत्येक कागदावर 'वडील: शेतकरी' लिहिलं होतं. दीड एकर होतं, म्हणून तेही खोटं नव्हतं. खोलीतल्या मैत्रिणी दिवाळीच्या गप्पा मारायच्या तेव्हा ती हातातलं पुस्तक तोंडासमोर धरायची.

रविवारी ती वाडीला गेली.

वडील गहिनीनाथ यांना मुकादमांची नावं आठवली, कारखाने आठवले. गावांपाशी मात्र ते अडले. मुक्ताबाई ओट्यावर मुगाच्या शेंगा सोलत बसली होती. लेकीनं पत्ते विचारले तशी तिनं मान वर केली.

"कोपीला कसला पत्ता, निके? पाचटाची ती. निघताना बैलांनी खाल्ली." मग शेंग फोडत म्हणाली, "पानी कुठं हुतं ते इचार. ते सांगते."

निकितानं वही मांडीवर घेतली.

बारावीचं वर्ष. कारखान्याचा नळ. रांग पहाटेपासून. तिथं पुणतांब्याकडची एक बाई रोज पुढं घुसायची. तिला मुक्ताबाईनं एकदा हंड्यात चिखल घालून दिला होता. हे सांगताना ती अजूनही खूश होती.

अकरावीचं. कॅनॉल. गढूळ.

दहावीचं. हातपंप, गावच्या शाळेमागं. "तू खिडकीतनं फळा बघत ऱ्हायची. हंडा भरून वाहून जायाचा. मी वरडायची."

नववीचं.

मुक्ताबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली. ओढा, ती म्हणाली. वाट उसाच्या फडातनं.

"त्या दिशी पान्याला जायाची पाळी माझी हुती. पाठ धरली हुती, म्हनून तुला धाडलं." तिनं शेंग टोपलीत टाकली, न सोलताच. "ते बी लिवावं लागंल का?"

"नाही आई. ते विचारत नाहीत."

"इचारलं तर लिव."

खुलासा, जोडपत्र एक.

चार ओळी. प्रत्येकीत महिने, कारखान्याचा पट्टा, जवळचं गाव आणि पुढं: उसाच्या पाचटाची तात्पुरती झोपडी, घर क्रमांक नाही. कंसात पाण्याची जागा. खाली तिनं लिहिलं की आमच्याकडे याला राहणं म्हणत नाहीत, म्हणून आधी लिहिलं नव्हतं. आईवडिलांच्या धंद्यापुढचं 'शेतकरी' तसंच ठेवून तिनं शेजारी 'ऊसतोड कामगार' लिहिलं.

कल्याण म्हणाला, असलं आजवर कुणी पाठवलं नाही. कंसातलं पाणी तरी काढा. तिनं काढलं नाही.

विसाव्या दिवशी उत्तर आलं: खुलासा मिळाला, व्हिसाचा शिक्का मारायला पासपोर्ट पाठवा.

तिनं वाडीला फोन लावला. मुक्ताबाईनं आधी दोनदा विचारून जायचं पक्कं झाल्याची खात्री केली, मग कॅनडातल्या खोलीचा पत्ता मागितला. निकितानं वाचून दाखवला: खोली, इमारत, रस्ता, शहर. असला पत्ता आईच्या कामाचा नव्हता, हे निकिताच्या जरा उशिरा लक्षात आलं.

"पाणी खोलीतच आहे, आई. नळ आहे."

"एकटीला?"

"एकटीला."

"बरं," मुक्ताबाई म्हणाली. "म्हंजी पाळी कुनाचीच न्हाई."