बादूंचं जाड अक्षर

मी एक फॉन्ट बोलतोय. लोक मला ‘बादूंचं जाड अक्षर’ म्हणतात. गोल पोट, रुंद खांदे, टोकांना ना शेपटी ना झालर. घानातल्या आमच्या कुमासी शहरात कुठल्याही नाक्यावर उभे राहा, चारी बाजूंनी मीच ओरडत असतो. उखळात कुटलेलं गरम फूफू तयार आहे! केस विणून मिळतील! देव महान आहे! पंक्चर काढून मिळेल!

माझा जन्म बादूंच्या ब्रशातून झाला. ते पाट्या रंगवायचे. म्हणायचे, “अक्षर कसं, दुरूनच ‘ये, बस, जेव’ म्हणणारं हवं!” म्हणून मला हे हसरं रूप मिळालं. त्यांचे हात थरथरायला लागले तेव्हा त्यांच्या मुलीनं, सेर्वानं, मला कॉम्प्युटरात बसवलं. तिथून माझे हाल सुरू झाले. पूर्वी रंग वाळेपर्यंत तरी विसावा असायचा. आता बोट दाबलं की हजर! हसून हसून गाल दुखतात हो.

गेल्या आठवड्यात बादू गेले. पिकलं पान होतं, पण जीव तुटला. आमच्याकडे अंत्यविधी बऱ्याच दिवसांनी होतो, तोवर सगळ्यांना कळावं म्हणून नाक्यावर त्यांचं मोठं पोस्टर लागणार होतं. निदान त्यांचं नाव तरी माझ्यात लिहिलं जावं, एवढीच माझी इच्छा होती. सेर्वानं लिहिलंही.

पण आमच्याकडे गेलेला माणूस आईच्या कुळाचा, मुलांचा नव्हे. शब्द चालतो कुळाच्या वडीलधाऱ्याचा, म्हणजे बादूंचे धाकटे भाऊ न्यार्को यांचा. ते सेर्वाच्या पाट्यांच्या दुकानात आले आणि भडकलेच.

“हे काय? भाऊ गेलाय माझा, खानावळ नाही उघडली!”

“काका, बाबांचंच अक्षर आहे ते.”

“असेल. दात काढतंय बघ कसं! मयताला नाजूक, वळणदार अक्षर लागतं. आणि फोटो तो सूट-टायमधला घे. चारचौघांत शोभा नको.”

सेर्वानं अक्षर बदललं. पोस्टर लागलं, माझ्याशिवाय. मला फार लागलं ते.

दोन दिवसांनी न्यार्को दुकानात बसले होते, तर समोरच्या खानावळीच्या पोमा मावशी तरातरा आल्या.

“बादू गेला आणि मला सांगायची रीत नाही? आज पाववालीकडून कळतंय!”

“अगं, तुझ्या दारासमोर तर पोस्टर लावलंय,” न्यार्को म्हणाले.

“मला मेलीला कुठं वाचता येतं? माझ्या पाटीवरचं त्याचं अक्षर तेवढं ओळखते मी. मला वाटलं, कुणी बडा साहेब मेला. सुटात कधी बघितलं होतं का रे त्याला कुणी?” आणि त्या तिथंच बाकावर बसून रडायला लागल्या.

न्यार्को बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग सेर्वाकडे न बघताच म्हणाले, “ते दात काढणारं अक्षर आहे का गं अजून?”

आज नाक्यावर बादूंचं नाव माझ्यात आहे. फोटोही रंगाच्या डागांच्या सदऱ्यातला. मला रडायचं होतं, पण त्यांनी मला चेहरा एकच दिलाय. पोमा मावशींनी उखळापासूनच वर पाहिलं आणि म्हणाल्या, “आलास होय रे बादू?”

शनिवारी अंत्यविधी आहे. तोवर तुमचं फूफू नि पंक्चर दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्या. मी फार दमलोय, मला जरा बादूंपाशी थांबू द्या.