दोरीवरचं मुखपृष्ठ

मी एक जुना, चपट्या तोंडाचा ब्रश आहे. धसईच्या महिपत पेंटरच्या खिडकीत, कान तुटलेल्या कपात उभा असतो. माझे केस कडक झालेत, त्यामुळे बोलणंही जरा कडकच येईल. मित्रांनो, सांभाळून घ्या. नाही घेतलंत तरी आता मला काय फरक पडतो!

महिपतने मला कल्याणहून आणलं, तेव्हा एका ओढीत अक्षराचा अख्खा दांडा उभा करायचो मी. भाताची गिरणी, सलून, खताचं दुकान, सगळ्यांच्या पाट्या लिहिल्या. पण जीव रमायचा तो दिवाळीच्या आधी. तेव्हा गिरजाताई यायच्या.

ताई गावाचं वाचनालय चालवायच्या आणि दर दिवाळीला एक अंक काढायच्या. 'आवण' त्याचं नाव. आवण म्हणजे भाताची कोवळी रोपं. आतलं लिखाण गावोगावच्या माणसांचं, पण मुखपृष्ठ आमचं, म्हणजे महिपतचं आणि माझं.

"महिपत, मुरबाडच्या स्टँडवर अंक दोरीला टांगतात," ताई म्हणायच्या. "खालचा अर्धा भाग दुसऱ्या अंकाखाली जातो. नाव वरच पायजे, आन् रस्त्यापलीकडून वाचता आलं पायजे."

पहिल्या वर्षी महिपतने गर्द हिरव्यावर लालभडक अक्षरं काढली. जवळून काय झकास दिसत होती! ताईंनी कागद अंगणातल्या कपड्यांच्या दोरीला चिमट्याने लावला आणि शेजारच्या धोंडीबाईला विहिरीपाशी उभं केलं. धोंडीबाईला म्हातारपणी अक्षरं शिकवली होती ताईंनीच.

"नाय गो बाय, नुसता चिखल दिसतो," धोंडीबाई तिथूनच ओरडली.

महिपतचं तोंड एवढंसं झालं. मग त्याने हिरव्यात पिवळा ओतला, अगदी लावणीच्या रोपांचा पोपटी होईपर्यंत. त्यावर काळी, जाड, मोकळी मोकळी तीन अक्षरं काढली. नक्षी नाही, सावली नाही, बाकी जागा रिकामी. धोंडीबाईने डोळे बारीक केले. "आ... व... ण!" आणि म्हातारी पोरीसारखी टाळ्या पिटत हसली. त्या दिवसापासून दर वर्षीचं मुखपृष्ठ आधी दोरीवर चढायचं आणि धोंडीबाईने वाचलं तरच छापायला जायचं. स्टँडवर लोक नाव न घेता मागायचे, "तो पोपटी अंक द्या." ऐकून मला काय ऐट यायची म्हणून सांगू!

यंदा श्रावणात ताई तापाने गेल्या. वाचनालयाच्या मंडळाने ठरवलं, दिवाळीचा अंक ताईंच्या आठवणींचा काढायचा. महिपत रडत रडत कामाला बसला. त्याला एकच हवं होतं, अंक हातात घेणाऱ्याला ताई दिसाव्यात. वर 'आवण', खाली नाकावर चष्मा घसरलेला ताईंचा फोटो, बस्स. माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत चांगलं काम होतं ते.

मंडळाचा नवा अध्यक्ष प्रज्वल. त्यालाही वाचायची गोडी ताईंनीच लावलेली.

"काका, एवढी जागा मोकळीच सोडली?"

"मोकळी नाय रे. ताईंकडं बघायला ठेवलीय."

"लोकं बोलतील, काय केलंच नाय. आन् आपल्या पुढाऱ्यांचा, शामदादांचा फोटो नको? कमिटीचे फोटो नकोत? ताईंवर माझा पण जीव होता काका, एकदम भारी करतो बघा."

आणि त्याने भारी केलं. शामदादांच्या वाढदिवसाचा बॅनर मोबाइलमध्ये तयारच होता. त्यातच नावं आणि फोटो बदलले. मागे जांभळा आणि लाल, त्यावर सोनेरी, फुगीर, चकाकणारी अक्षरं, प्रत्येक ओळ वेगळ्या वळणाची. मधोमध हात जोडलेले शामदादा. 'आवण' त्यांच्या डोक्यामागे गेलेलं. खाली कमिटीचे गोल गोल फोटो आणि त्याच रांगेत, शेवटच्या गोलात, आमच्या ताई.

छापलेला अंक आला, तेव्हा महिपत गिरणीची पाटी रंगवत होता. मला तसाच रंगाने भरलेला डब्यावर ठेवून त्याने अंक दोरीला लावला. का लावला कोण जाणे. धोंडीबाई सवयीने विहिरीपाशी जाऊन उभी राहिली. मग दोन पावलं पुढे आली. मग अगदी दोरीपाशी.

"कुनाचा वाढदिस रं, महिपत?"

मग तिने शेवटच्या गोलावर बोट ठेवलं.

"न् ही कडंची बाय कोन?"

महिपतने अंक काढला, घडी घातली आणि घरात गेला. त्या दिवसापासून त्याने मला हात लावलेला नाही. रंग माझ्या केसांतच वाळला.

मित्रांनो, माझ्यासारख्यांनी शेवटी ब्रश धुऊन ठेवायला सांगायचं असतं. नका धुऊ मला. पण कुणाच्या आठवणीचं मुखपृष्ठ कराल, तेव्हा आधी ते दोरीला लावा आणि लांब जाऊन उभे राहा. ज्या म्हातारीला ताईंनी अक्षरं शिकवली, तिला ताईच ओळखू आल्या नाहीत.

अंक मात्र हातोहात संपला. जांभळा अंक द्या, म्हणत होते लोक.