वावटळ

जेवलेले सारे ओकून टाकण्याची जी अनावर ओढ घशाशी यायची, तिला मोनालीने स्वतःच नाव दिले होते: वावटळ. समुपदेशक प्रेमलाताईंनी तिला शिकवले होते, की वावटळ उठली की थंड पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरायचा, मनात दाटलेल्या भावनेला नेमका शब्द द्यायचा आणि ती विरेपर्यंत थांबायचे. जुन्या जालन्यातल्या त्यांच्या खोलीबाहेर हे नाव कुणालाच ठाऊक नव्हते.

रविवारी सगळे जेवायला बसले असताना भाकरीचा तुकडा मोनालीच्या हातात थबकला. आई हसून म्हणाली, "आली का गं तुझी वावटळ? धर मंग पेला!"

लहानपणापासून ज्यांच्या भीतीने तिचा घास अडायचा, ते काका खो खो हसले. "पत्र्यावर दगड ठेवा रे, न्हाई तर उडून जाईल सगळं!"

दुसऱ्या दिवशी मोनालीने जाब विचारला, तेव्हा प्रेमलाताई म्हणाल्या, "घरची साथ मिळावी, म्हणून आईंना सांगितलं गं."

"मला न विचारता?"

सवयीने ताईंनी पेला पुढे सरकवला. "आत्ता काय वाटतंय? शब्द दे त्याला."

मोनालीने पेल्याला हात लावला नाही. राग, लाज, दुःख हे शब्द तिने मनाशी उचलून पाहिले आणि खाली ठेवले.

"दगा," ती म्हणाली.

शब्द नेमका होता. घसा शांत होता, श्वास सावकाश चालला होता. ताईंनी शिकवलेले सारे तिला आज जमले होते, आणि ते जिला सांगावे अशी कुणीही आता उरली नव्हती.