इनामदारांच्या पंक्तीला

रामहरीची धाकटी लेक माळशिरसला दिली, ते एकोणीसशे अठ्ठावीस साल. मांडव उतरला, पाहुणे पांगले आणि व्याह्यांनी भेट दिलेला एडका तेवढा दारात उरला. दिला होता खरा कापायला, पण त्याची मान वर करून चालायची ऐट बघून रामहरीचा हात धजेना. त्यानं त्याचं नाव इनामदार ठेवलं, आणि सगळी गल्ली त्याला अहोजाहो करू लागली.

घरात काळजी होती ती नातीची. मुलगा मानसिंग, त्याची मुक्ता पाच वर्षांची, पण उचलली तर काटक्यांची मोळी. तिच्या आधीची दोन वाचली नव्हती. भाकरी दिसली की ही तोंड फिरवायची. रामहरी ज्या कापडगिरणीत होता, तिच्या दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, "औषध काही नाही. भाकरी, पालेभाजी आणि मोकळ्या हवेत पळणं. पण आधी मोठ्यांनी करून दाखवा. पोरं सांगितलेलं ऐकत नाहीत, बघितलेलं करतात."

मुक्ताच्या आईनं, वच्छलानं, घरी येऊन सासऱ्याला गाठलं. "मामंजी, तुमीच बसा की तिच्यासंगं पालेभाजी खायला."

गिरणीच्या दारातल्या भज्यांवर रामहरी पोसलेला. पालेभाजी म्हटलं की त्याच्या कपाळाला आठी पडे. "पालाच खायचा तर इनामदार हायत की," तो म्हणाला. "खात्यात बी आन पळत्यात बी. त्यास्नी बघ म्हणावं."

तो थट्टेनं बोलला. मुक्तानं ते खरं धरलं.

दुसऱ्या दिवशी ती इनामदारांपुढं उकिडवी बसली. त्यांनी मेथीत तोंड घातलं, तिनंही घातलं. वच्छलानं धावत जाऊन शिजलेली मेथी आणि भाकरी आणून ठेवली, ती पोरीनं चाटूनपुसून खाल्ली. मग इनामदार माळावर फेरीला निघाले, मुक्ता मागं. त्यांनी बाभळीच्या खुंटाला टक्कर दिली, हिनंही दिली. आजीनं, म्हणजे बजाबाईनं, तिच्या डोक्याला चुंबळ बांधून दिली. जेवण झाल्यावर पोरगी घटकाभर नुसतीच जबडा हलवत बसू लागली.

"आगं, ही रवंथ करती," रामहरी घाबरून म्हणाला.

"बारीक चावती. तुमी कदी चावलंय?" बजाबाई म्हणाली.

आखाडापर्यंत मुक्ताच्या गालाला मांस धरलं. मग शेजारची ईरम्मा आपल्या चन्नप्पाला घेऊन आली, तिच्यामागनं सगळी गल्ली. पत्रावळी मांडल्या जाऊ लागल्या. बाया विचारायच्या, "इनामदार उठले का वं?" आतून उत्तर यायचं, "आत्ताच पाणी प्याले." शाळेतल्या गुरुजींना पोरं नमस्काराऐवजी टक्कर देऊ लागली. गुरुजी पोट धरून तक्रारीला आले, पण पोरं तरतरीत झाल्याचं त्यांनीही कबूल केलं.

घोटाळा केला रामहरीनं. पोरीपुढं भजी खायची नाहीत, असा बजाबाईचा दंडक होता, म्हणून तो गोठ्याच्या मागं उभा राहून खाई. एकदा इनामदारांनी त्याच्याकडं टक लावून बघितलं. एवढा मानाचा जीव समोर उपाशी आणि आपण खातोय, ही रामहरीला लाज वाटली. त्यानं एक भजं दिलं. मग रोजच देऊ लागला.

थोड्याच दिवसांत इनामदारांनी मेथी हुंगली आणि तोंड फिरवलं. सगळ्या पंक्तीनं तोंड फिरवलं. इनामदार सावलीत आडवे झाले. गल्लीतली पोरं ओळीनं कुशीवर झाली. मुक्ताच्या बरगड्या पुन्हा दिसू लागल्या. वच्छला चुलीपुढं बसून डोळे पुसू लागली, आणि रामहरीच्या घशाखाली भजी उतरेनात.

एडक्यांचा जाणकार हुसेनसाब, त्याला बोलावलं. त्यानं इनामदारांचं तोंड हुंगलं.

"रामहरीभाऊ, ह्यास्नी भजी कुनी चारली?"

रामहरी आभाळाकडं बघू लागला.

"एडका इर्षेचा धनी," हुसेनसाब म्हणाला. "म्होरं कुनी खाल्लं की त्याच्या तोंडातलं वढून खाईल. दुसरा एडका बांदा."

"दुसरा कशाला?" बजाबाईनं मेथीची पेंडी नवऱ्यापुढं टाकली. "बसा."

"शिजवून तरी दे की."

"इनामदारांना शिजलेलं चालत न्हाय."

रामहरी हातापायांवर ओणवा झाला. पहिला घास कडू, दुसरा त्याहून कडू. इनामदारांनी एक डोळा उघडला. रामहरीनं मिशा हलवून मिटक्या मारल्या. इनामदार उठले, त्यांनी त्याला बाजूला ढकललं आणि पेंडी त्याच्या तोंडातून ओढून घेतली. मागं मुक्तानं भाकरीचा तुकडा मोडला. तो आवाज ऐकून रामहरी तसाच ओणवा राहून हसला.

त्या दिवसापासून रामहरी खाई, त्याचं बघून इनामदार, इनामदारांचं बघून पोरं. फेरीलाही तोच पुढं, धोतराचा काचा मारून. ईर्षेनं इनामदार मागं, त्यांच्यामागं गल्ली.

"कुटं पळताय म्हातारपणी?" गिरणीवाले विचारायचे.

"इनामदारांना वळण लावतुया!"

पुढच्या उन्हाळ्यात इनामदारांना ऊन लागलं आणि ते गेले. त्या दिवशी पत्रावळींवर कुणी आलं नाही. मुक्ता खुंटाजवळ डोळे मिटून आडवी झाली.

"मुक्ते, ऊठ," वच्छलानं हाक मारली.

"इनामदार उठंनात."

वच्छलानं सासऱ्याचा हात घट्ट धरला. रामहरी मुक्ताजवळ भुईवर बसला, ताट मागितलं, चाकवताशी भाकरी कुस्करली आणि खाऊ लागला. रडं येत होतं, घास फिरत होता, तरी खात होता. मुक्तानं एक डोळा उघडला.

"आज्या, तू कुनाचं बघून खातुयास?"

रामहरीनं इकडंतिकडं बघितलं. "कुनाचंच न्हाय गं. भूक लागली."

मुक्ता उठून बसली. "मला बी लागलीया."

इनामदार गेले ते एकोणीसशे एकोणतीसच्या ज्येष्ठात. रामहरी एकोणीसशे अडतीस साली, पोळ्याच्या आदल्या दिवशी वारला.